खेळ बघण्यासाठी बांधलेलं घर

हा फोटो नीट बघा. दोन टोकांना दोन बुरूज, त्यांवर शिशाच्या पत्र्याचे घुमट, मधल्या कठड्याला किल्ल्यासारख्या चर्या. वाटतं, मागे केवढा मोठा वाडा असेल! पण एवढ्या थाटात राहण्याजोगी मोठी खोली एकच, तीही वरच्या मजल्यावर.

हे इंग्लंडमधल्या डर्बीशायरचं स्वार्कस्टन, ट्रेंट नदीजवळचं. १६३० च्या सुमारास सर जॉन हार्पर यांनी ही वास्तू बांधवून घेतली. आराखडा जॉन स्माइथसनचा असावा, असं जाणकार मानतात. बोल्सोव्हरच्या किल्ल्याचं काम करणारा तोच.

समोर भिंतींनी वेढलेलं गवताचं मैदान आहे. तिथे बैलांवर कुत्रे सोडायचे, असंही लोक सांगायचे. पण जुन्या हिशेबात एक रक्कम सापडते: १११ पौंड, १२ शिलिंग, ४ पेन्स. कशासाठी? 'बोल अ‍ॅली हाउस', म्हणजे बोल्सच्या मैदानाचं घर! गवंडीकामाच्या बिलातली ही एक ओळ मला दहा तर्कांपेक्षा मोलाची वाटते.

आता बोल्स म्हणजे काय? लांबवर एक छोटा चेंडू ठेवलेला असतो, आपला मोठा चेंडू घरंगळत त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचा. पण हा मोठा चेंडू मुद्दाम एका अंगाला झुकेल असा घडवलेला असतो. सुरुवातीला सरळ जातो, वेग उतरला की हळूच वळतो. सगळी गंमत त्या वळणात आहे. शेजारी उभं राहिलात तर ते धड कळत नाही. वरून पाहिलंत, तर गवतावर अख्खी कमान उमटताना दिसते. माझ्या मते खिडक्यांची ती खोली वर नेली, ती यासाठीच. खाली कमानींचा उघडा व्हरांडा, ऊनपावसात टेकायला.

हार्पर मंडळी पुढे कॅल्क अ‍ॅबी या आपल्या दुसऱ्या वाड्यात रमली, इथला त्यांचा वाडा पाडला गेला. हे घर तेवढं उरलं, छप्पर गमावून. १९६८ मध्ये रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडने याच पडक्या भिंतींपाशी फोटो काढून घेतले.

१९८५ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या लँडमार्क ट्रस्टने ते घेतलं आणि पुन्हा उभं केलं. आज तिथे मुक्कामाला राहता येतं. फक्त न्हाणीघर बुरुजाच्या माथ्यावर आहे, उघड्या गच्चीवरून जावं लागतं. गेलात तर तिथे मिनिटभर थांबा आणि खाली मैदानाकडे बघा.