चिपच्या मागे येणारं बिऱ्हाड

राम राम मंडळी! जळगावातून, माझ्या वर्कबेंचवरून बोलतोय. समोर ब्रेडबोर्डवर इंटेलचा ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर आहे. कॉलेजात याच्या इन्स्ट्रक्शन आपण घोकून पाठ केल्या. पण बोर्ड बनवणारा इन्स्ट्रक्शन नंतर बघतो. तो आधी विचारतो, ही चिप घेतली तर तिच्यामागे किती बिऱ्हाड येणार?

इंटेलचाच १९७४ चा ८०८० प्रोसेसर घ्या. त्याला तीन सप्लाय लागतात: +५, -५ आणि +१२ व्होल्ट. त्यातला -५ सगळ्यांत आधी यायला हवा आणि सगळ्यांत शेवटी जायला हवा, नाहीतर चिप जळू शकते. आपल्याकडे मे महिन्यात लाइट कशी ये-जा करते ते आठवा, म्हणजे डिझायनरची धास्ती कळेल. क्लॉकसाठी, म्हणजे प्रोसेसरला ताल देणाऱ्या ठोक्यांसाठी, शेजारी ८२२४ ही चिप, आणि मेमरीला वाच-लिही सांगणाऱ्या कंट्रोल सिग्नलसाठी ८२२८. म्हणजे एका प्रोसेसरपायी तीन चिप.

मोटोरोलाचा ६८०० एकट्या ५ व्होल्टवर चालला, पण दोन फेजचा, म्हणजे आळीपाळीने येणाऱ्या दोन ठोक्यांचा, क्लॉक बाहेरूनच द्यावा लागे. १९७५ च्या ६५०२ ने तेही सर्किट पोटात घेतलं, आणि किंमत फक्त २५ डॉलर! माझा सगळ्यांत लाडका हाच. क्लॉकच्या अर्ध्या भागातच तो मेमरीला हात लावतो. उरलेल्या अर्ध्यात ॲपल टू या कॉम्प्युटरचं व्हिडिओ सर्किट त्याच मेमरीतून वाचून घेतं, कुणी कुणासाठी थांबत नाही.

डायनॅमिक रॅम ही मेमरी सतत रिफ्रेश करावी लागते, नाहीतर ती विसरते. १९७६ चा झेड-८० प्रोसेसर या रिफ्रेशचा पत्ता, म्हणजे मेमरीतली कोणती जागा ते, स्वतःच पुरवतो. हे पत्ते मोजणाऱ्या काउंटरची वेगळी चिप लागत नाही.

आता हा ८०८५. सप्लाय एक, क्लॉक आत. पण १२ ते १९ या पिनांवर आधी पत्त्याचा खालचा अर्धा भाग येतो, मग तिथूनच डेटा. अशा वाचवलेल्या पिना इंटरप्टला (चालू काम थांबवून लक्ष वेधणारे सिग्नल) आणि सिरियलला (एकेक बिट पाठवणं-घेणं) मिळाल्या. बदल्यात बाहेर ७४एलएस३७३ लॅच, म्हणजे पत्ता धरून ठेवणारी चिप, आला. ८०८५ ची ३० नंबरची पिन, एएलई (ॲड्रेस लॅच एनेबल), त्याला सांगते: आत्ता आहे तो पत्ता, धरून ठेव.

कॉलेजात माझा बोर्ड दोन दिवस बंद पडला होता. हीच वायर सैल होती! लॅच कायम उघडा, त्यामुळे पत्ता म्हणून डेटाच मेमरीकडे जायचा.

आता स्कोपचा प्रोब त्याच एएलईवर लावतो. क्लॉकचा क्रिस्टल ६.१४४ मेगाहर्ट्झचा, आत त्याचे निम्मे होतात. हा बघा पल्स... आणि तो खाली उतरला, त्या क्षणी लॅचचं आउटपुट कसं स्थिर झालं बघा.