दहाचा पाना आखूड का असतो

(पुणे. मंगळवार पेठ, जुना बाजार. रविवारची सकाळ.)

ताडपत्रीवर पानेच पाने. गंजके, तेलकट, कुठल्या तरी मोडीत निघालेल्या वर्कशॉपमधून आलेले. इथे भाव करण्याआधी पान्यावरचा आकडा नीट वाचावा. हा बघा: १/२, आणि शेजारी डब्ल्यू. अर्ध्या इंचाचा समजून घरी न्याल, तर नटावर नुसता खुळखुळेल. हा व्हिटवर्थचा पाना. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांची मापं ठरवून दिली. त्या पद्धतीत पान्यावर बोल्टाची जाडी लिहायचे, त्यामुळे याचा जबडा २० मिलिमीटरच्याही वर भरतो. आजच्या मिलिमीटर पान्यावर असते ती नटाची रुंदी. म्हणून तर ६ मिलिमीटरच्या बोल्टाला १० चा पाना लागतो.

(रविवार पेठ, बोहरी आळी. हार्डवेअरचं दुकान.)

नवा सेट मांडला की एक गोष्ट लगेच दिसते. १० चा पाना वीतभरही नाही, १९ चा चांगला लांब. लोखंड वाचवायला केलेलं नाही हे. पान्याची लांबी म्हणजे तुमच्या हाताला घातलेला लगाम.

हिशोब सोपा आहे. १० सेंटीमीटरच्या दांड्याला टोकाशी १० किलोचा जोर दिला, की साधारण १० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, होतो. ६ मिलिमीटरच्या चांगल्या पोलादी बोल्टाला तेवढाच लागतो. तोच जोर २५ सेंटीमीटरच्या रॅचेटवर, म्हणजे कटकट वाजत फिरणाऱ्या दांड्यावर द्या, टॉर्क २५. हाताला फरक कळत नाही. बोल्टाला कळतो.

हे मी पैसे मोजून शिकलो. एका गॅरेजमध्ये माझ्या स्कूटरचं ऑइल बदललं. ड्रेन बोल्ट आवळायला पोराने हाताशी होता तो मोठा रॅचेट घेतला आणि शेवटी "फिट्ट" म्हणून एक झटका दिला. आठवड्याने पार्किंगच्या फरशीवर तेलाचा रुपयाएवढा डाग. बोल्ट पोलादाचा, इंजिनचं कवच ॲल्युमिनियमचं. आटे जाणार ते कवचाचेच.

(जवळून: नटावर बसलेला फिक्स पाना, मग रिंग पाना.)

फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो. अडचणीच्या जागी त्याला तोड नाही. तोंड १५ अंशांनी तिरकं असतं ते त्यासाठीच. पाना उलटा केला की नटावर नवी पकड मिळते. पण जोर द्यायचा तर रिंग किंवा गोटी (नटावर टोपीसारखी बसणारी), कारण ती चहूबाजूंनी बसते. आणि स्क्रू पाना? घरात एक असावा, नळाच्या कामाला. वापरताना ओढीचा भार पक्क्या जबड्यावर येईल असा लावायचा. उलटा लावला, की सरकता जबडा ढिला पडतो आणि नट गोल होतो. कुठलाही पाना शक्यतो आपल्याकडे ओढावा. ढकलताना सटकला, की बोटांची सालपटं निघालीच.

(भोसरी. एका छोट्या वर्कशॉपमध्ये.)

बोल्ट आवळणं म्हणजे त्याला किंचित ताणणं. ताणलेला बोल्ट स्प्रिंगसारखा मागे ओढतो, दोन भाग घट्ट धरतो. पण आपण लावलेल्या टॉर्कचा जेमतेम दहावा हिस्सा या ताणात जातो; बाकीचा बोल्टाच्या डोक्याखालचं आणि आट्यांमधलं घर्षण खातं. म्हणून कोरड्या बोल्टासाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या बोल्टावर वापरला, तर तो जास्त ताणला जातो.

इथे टॉर्क रेंच निघतो. आकडा लावायचा, मूठ धरून सावकाश ओढायचं, टक झालं की थांबायचं. खात्रीसाठी आणखी एकदा टक करणारे खूप आहेत. तिथे नट आणखी फिरतो आणि मोजमाप वाया जातं.

"मामा, अजून एक मारू का?"

"नको रे. टक झालं ना? सोड."

समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळत पोरगा शेवटच्यावर येतो. टक. मामा प्रत्येक नटावर पिवळ्या मार्करने रेघ ओढतात, नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत. नट हलला तर रेघ तुटलेली दिसेल. मग रेंच हातात घेतात, मूठ फिरवत आकडा सगळ्यात खाली आणतात, आतली स्प्रिंग ताणलेली राहू नये म्हणून. फडक्याने पुसून पेटीत ठेवतात. ढिला करायचा पुढचा नट आहे, त्याला खुंटीवरचा जुना रिंग पाना.