लहान धंद्यातलं एआय: स्वस्त काय, महाग काय

(दृश्य: टेबलावर बिलांची चळत. फोन थरथरतोय. एका हाताने मेसेज टाईप होतोय, दुसऱ्या हाताने पार्सलला चिकटपट्टी लागतेय.)

लहान धंद्यात माणसं दोन-चार असतात, खाती मात्र मोठ्या कंपनीइतकीच. खरेदी, विक्री, हिशेब, वसुली, तक्रारी, जाहिरात. या सगळ्या खात्यांचा प्रमुख एकच, आणि तो आत्ता पार्सल बांधतोय.

या माणसाला गेली काही वर्षं जो तो सांगतोय, एआय वापरा, नाहीतर मागे पडाल. नेमकं कशासाठी वापरू, असं त्याने उलट विचारलं की उत्तरं गुळमुळीत होतात.

जरा मागे जाऊ. १९७९ साली अ‍ॅपल टू या संगणकासाठी व्हिसीकॅल्क नावाचा प्रोग्रॅम बाजारात आला. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी तो घडवला होता. आजच्या एक्सेलचा हा पूर्वज. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे आकडे आपोआप बदलायचे. एवढ्या एका सोयीसाठी अनेकांनी अख्खा संगणक विकत घेतला, कारण तोवर हेच काम ते पेन्सिल आणि खोडरबर घेऊन करत होते आणि पार विटले होते. दुखणं जुनं होतं, औषध नंतर आलं. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं, तेव्हा मात्र औषध आधी हातात पडलं आणि लोक दुखणं शोधत बसले.

म्हणून सुरुवात साधनापासून करायची नाही. एक आठवडा साधी वही जवळ ठेवायची आणि जे काम काल केलं तेच आज पुन्हा केलं, असं वाटलं की एक ओळ लिहायची. माल आला का, हे विचारणाऱ्यांना दिलेलं तेच ते उत्तर. नाव आणि आकडे बदलून पाठवलेलं तेच कोटेशन. पुरवठादाराच्या बिलावरून तक्त्यात उतरवलेले आकडे. उधारीची आठवण करून देणारा, तीनदा लिहून तीनदा खोडलेला मेसेज.

(दृश्य: वहीचं पान. एक ओळ जवळून: ‘वसुलीचा मेसेज, पाऊण तास.’)

हा शेवटचा प्रकार जवळून बघण्यासारखा आहे. चॅटजीपीटीसारख्या चॅटबॉटला नुसतं ‘थकबाकीचं पत्र लिहून दे’ म्हटलं, तर तो ‘आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत’ छापाचं काहीतरी देतो. असलं पत्र कुणी वाचत नाही, पैसे देणं तर दूरच. त्याऐवजी त्याला सांगा: ग्राहक जुना आहे, एरवी वेळेवर देतो, या वेळी दीड महिना उशीर झालाय, संबंध बिघडवायचे नाहीत, पैसे मात्र याच महिन्यात हवेत, चार ओळींत लिही, कायद्याची भाषा नको. सोबत तुम्ही स्वतः पूर्वी लिहिलेले दोन-तीन मेसेज नमुना म्हणून चिकटवा. जे परत येतं ते बरंचसं तुमच्याच बोलण्यासारखं असतं. एखादा शब्द बदलायचा आणि पाठवून द्यायचं. यासाठी कोर्स लागत नाही. नव्या हुशार मुलाला पहिल्या दिवशी काम समजावून सांगताना जेवढं सांगतो, तेवढं सांगावं लागतं, बस्स.

इथे एआय परवडतं, त्याचं कारण मेसेज सुंदर येतो हे नाही. मेसेज बरा की वाईट, हे तुम्हाला चार ओळी वाचून कळतं, हे आहे. करायला पाऊण तास, तपासायला अर्धा मिनिट. लहान धंद्यात एआय कुठे घालावं, याची माझ्या मते हीच खरी कसोटी. काम करण्यापेक्षा तपासणं खूप सोपं असेल तिथे ते घाला. तपासण्यासाठी अख्खं काम पुन्हा करावं लागत असेल, तर साधन फुकट असलं तरी महाग पडतं.

(दृश्य: दुमडलेलं बिल, एका आकड्यावर शिक्का पडलेला. मोबाईलने फोटो काढला जातो.)

आता बिलाचं काम. फोटो काढायचा, चॅटबॉटला द्यायचा आणि मालाचं नाव, नग, दर, रक्कम असा तक्ता मागायचा. काही सेकंदांत तो येतो आणि पहिल्यांदा बघणारा चकित होतो. पण कागद जिथे दुमडलाय तिथे ७ चा १ झालेला असू शकतो. शिक्क्याखाली झाकलेला आकडा रिकामा सोडण्याऐवजी त्याने शोभेलसा एखादा आकडा भरून टाकलेला असू शकतो. माणूस अडला की विचारतो. हा अडतही नाही, विचारतही नाही.

असं का होतं, हे थोडक्यात समजून घेणं बरं. भाषेचं मॉडेल मजकुराचे छोटे तुकडे करतं, त्यांना टोकन म्हणतात, आणि आधीचे तुकडे बघून पुढचा संभाव्य तुकडा कोणता हे ठरवत जातं. खरं काय आणि शोभेलसं काय, या दोहोंतला फरक त्याला आतून जाणवत नाही. म्हणून चूकही ते त्याच ठाम सुरात सांगतं. आकडेमोडीचंही तेच. काही साधनं हल्ली मागच्या मागे गणकयंत्र किंवा प्रोग्रॅम चालवून बेरीज करतात, पण दर वेळी करतीलच असं धरून चालू नये.

यावर उपाय सोपा आहे. सूचनेतच लिहायचं: जो आकडा नीट वाचता आला नाही तिथे जागा रिकामी सोड. मग तक्ता एक्सेलमध्ये टाकायचा, बेरीज एक्सेलला करू द्यायची आणि ती बिलावर छापलेल्या एकूण रकमेशी ताडून बघायची. जुळली तर बहुधा ठीक, नाही जुळली तर त्याच बिलात डोकं घालायचं. म्हणजे वाचायचं काम एकाकडे, हिशेबाचं दुसऱ्याकडे, आणि सही तुमची.

या कसोटीवर न टिकणारं काम कोणतं? कराच्या नियमाचा प्रश्न. उत्तर ऐटबाज मिळतं, कलमांच्या आकड्यांसकट. ते बरोबर आहे का, हे तपासायला मूळ नियम उघडावा लागतो किंवा हिशेबनिसाला फोन करावा लागतो. मग तो फोन आधीच केलेला बरा. हिशेबनिसाला नेमकं काय विचारायचं, हे प्रश्न तयार करून घ्यायला एआय वापरा, हवं तर.

जाहिरातीची चित्रं, पोस्ट, घोषवाक्यं यांवर फार वेळ घालवत नाही. ती साधनं शिकायला सोपी आहेत आणि सगळेच वापरतात, त्यामुळे सगळ्यांच्या पोस्ट एकमेकींच्या जुळ्या बहिणी वाटायला लागल्यात. तुमच्या मालाचा तुम्ही काढलेला खरा फोटो अजूनही जास्त काम करतो.

(दृश्य: लॅपटॉपवर ओळीने उघडलेल्या खिडक्या.)

खर्चाचं बोलू. सगळ्यात आधी, जे पैसे तुम्ही आजही भरताय त्यात काय मिळतं ते बघा. ईमेल, ऑफिसचे प्रोग्रॅम, हिशेबाचं सॉफ्टवेअर, यांपैकी अनेकांत एआयच्या सोयी आता आतच आल्यात. त्यानंतर चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड, कोपायलट यांची मोफत खाती. मोफत खात्याची मर्यादा रोज आड यायला लागली की मगच एक पैसे भरून घेतलेलं खातं, आणि तेही ज्याच्या हाती ते काम आहे त्याच्यासाठी. उत्साहाच्या भरात पाच वर्गण्या सुरू होतात आणि त्यांतल्या तीन विसरल्या जातात, हा नेहमीचा प्रकार.

याच्या पुढची पायरी म्हणजे एआय आपल्या सॉफ्टवेअरला जोडणं. तिथे बिल टोकनवर येतं. देवनागरी मजकुराचे तुकडे इंग्रजीपेक्षा सहसा जास्त पडतात, म्हणजे तेवढाच मजकूर मराठीत महाग. नव्या मॉडेलांत हा फरक कमी झालाय, तरी आधी थोड्या मजकुरावर चालवून बिल बघावं.

आणि ज्यांना आपली माहिती बाहेर जाऊच द्यायची नाही, त्यांच्यासाठीही वाट आहे. लामा, जेम्मा, मिस्ट्राल, क्वेन या कुटुंबांतली अनेक मॉडेलं आपल्या संगणकावर उतरवून घेता येतात. सात-आठ अब्ज पॅरामीटरचं (पॅरामीटर म्हणजे मॉडेलच्या आत साठवलेले आकडे) मॉडेल आकसून चार-पाच जीबीत मावतं आणि १६ जीबी मेमरीच्या साध्या लॅपटॉपवर ओलामासारख्या मोफत प्रोग्रॅमने चालतं. मोठ्या मॉडेलांइतकं हुशार नसतं, संथही असतं, पण मेसेजची वर्गवारी, पत्राचा सारांश असली कामं उरकतं. बोलणं लिहून घेणारं व्हिस्पर चॅटजीपीटीच्याच ओपनएआय कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये खुलं केलं, तेही आपल्याच संगणकावर चालतं.

माहिती बाहेर जाण्याची भीती पोकळ नाही. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीचा अंतर्गत प्रोग्रॅम चॅटजीपीटीत चिकटवल्याचं उघड झालं, आणि मे महिन्यात कंपनीने आपल्या उपकरणांवर अशा साधनांना बंदी केली. तुमच्याकडे गुपित प्रोग्रॅम नसेल, पण ग्राहकांचे फोन नंबर आहेत, बँक खात्यांचे तपशील आहेत, कामगारांचे पगार आहेत. मजकूर चिकटवण्याआधी नावाच्या जागी ‘ग्राहक क’ लिहायला दहा सेकंद लागतात. आपलं बोलणं प्रशिक्षणासाठी वापरलं जाऊ नये यासाठी बऱ्याच साधनांच्या सेटिंगमध्ये बटण असतं. ते पहिल्याच दिवशी शोधून ठेवा.

(दृश्य: वेबसाईटच्या कोपऱ्यात उमलणारी चॅटची खिडकी.)

राहिला ग्राहकाशी थेट बोलणारा बॉट. विकणारे आधी हाच विकायला येतात. त्यांना एअर कॅनडाची गोष्ट विचारा. ज्याच्या घरात कुणाचा तरी मृत्यू झाला होता अशा एका प्रवाशाला कंपनीच्या चॅटबॉटने सांगितलं, तिकीट आत्ता काढा, सवलतीसाठी ९० दिवसांत अर्ज करा. कंपनीच्या नियमात असं नव्हतंच. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढे गेलं. बॉट ही वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, ती जे बोलली त्याला आम्ही जबाबदार नाही, अशा आशयाचा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली.

एवढी मोठी विमान कंपनी ही रक्कम सहज झेलते. लहान धंद्यात बॉटने चुकीचा दर सांगितला तर भुर्दंड पडतोच, शिवाय शब्दही जातो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बॉट सगळ्यात शेवटी. त्याआधी वर्षभर एआयने फक्त उत्तराचा मसुदा लिहावा आणि पाठवण्याचं बटण माणसाने दाबावं. या काळात कोणते प्रश्न येतात, मसुदा कुठे घसरतो, हे कळतं. पुष्कळ ठिकाणी तर एवढ्यावरच भागतं, बॉटची गरजच उरत नाही.

(दृश्य: दोघं एका स्क्रीनसमोर. एक जण दाखवतोय, दुसरी लिहून घेतेय.)

हे सगळं कुणी ठरवायचं? जी व्यक्ती ते काम रोज करते तिने. मालकाने परस्पर साधन आणून टेबलावर ठेवलं की टेबलामागची व्यक्ती पहिला विचार करते तो नोकरीचा, आणि मग ते साधन कधीच नीट चालत नाही. वाचलेल्या वेळाचं काय होणार, हे आधी बोलून घ्यावं. आणि एआयला दिलेल्या, जमून आलेल्या सूचना एका सामायिक फाइलमध्ये उतरवून ठेवाव्यात. नाहीतर माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्या चॅटमधलं सगळं कसबही त्याच्याबरोबर जातं.

त्याच फाइलशेजारी दुसरी फाइल असावी: मालाची यादी, दर, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं, परताव्याचे नियम. साध्या तक्त्यात, साध्या मजकुरात, कुठल्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये न अडकलेली. साधनं बदलतात, मोफतची सशुल्क होतात, काही बंद पडतात. तसं झालं की ही फाइल उचलायची आणि पुढच्या साधनाला द्यायची.