हृदयाची झडप बदललेल्या स्त्रीचे गरोदरपण

नमस्कार. हृदयाची झडप बदललेल्या मुलीला मूल होऊ शकेल का, हा प्रश्न मराठवाड्यात बहुधा लग्न ठरवताना दबक्या आवाजात विचारला जातो आणि दिवस गेल्यावर घाईघाईने डॉक्टरांसमोर येतो. बऱ्याच जणींना मूल होऊ शकते. मात्र हा निर्णय दिवस राहण्यापूर्वी, इको तपासणी (हृदयाची सोनोग्राफी) करून, हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांच्या सल्ल्याने व्हायला हवा, कारण गरोदरपणात शरीरातील रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि ते सारे पुढे ढकलण्याचे काम हृदयालाच करावे लागते.

प्राण्यांच्या ऊतीपासून केलेली झडप असेल तर रक्त पातळ करणारी गोळी सहसा कायम लागत नाही. पण तरुण वयात ती लवकर झिजते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. धातूची झडप टिकते, पण तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून वॉरफेरीनसारखी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि खरी अडचण इथेच आहे. ही गोळी वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात घेतल्यास बाळाच्या नाकात व हाडांत व्यंग राहू शकते. रक्त पातळ करणारे हेपरीनचे इंजेक्शन बाळापर्यंत जात नाही, पण त्यावर झडपेत गुठळी होण्याचा धोका अधिक असतो. म्हणून वॉरफेरीन दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी पुरत असेल तर डॉक्टर अनेकदा तीच चालू ठेवतात. जास्त लागत असेल तर त्या आठवड्यांत हेपरीनचा विचार होतो.

माझी कळकळीची विनंती आहे की, बाळाच्या काळजीपोटी कोणीही ही गोळी परस्पर बंद करू नये. गुठळी होऊन झडप अडकली तर आई आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो.

सातव्या महिन्यात मुलगी बाळंतपणासाठी माहेरी येते, तेव्हा आयएनआरच्या, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणाऱ्या तपासणीच्या, चिठ्ठ्यांची फाइल पुष्कळदा सासरीच राहते, आणि गोळीचा डोस कशावरून ठरला होता हे माहेरच्या डॉक्टरांना कळायला मार्ग उरत नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर ही तपासणी महिनोन्महिने होत नाही. हिवाळ्यात मेथी आणि करडईची भाजी रोज ताटात येऊ लागली की त्याच गोळीचा परिणाम कमी पडतो. भाजी सोडू नये, प्रमाण सारखे ठेवावे.

छत्तीसाव्या आठवड्याच्या सुमारास गोळी थांबवून हेपरीन सुरू करतात. गोळी चालू असताना कळा सुरू झाल्या तर बाळाचेही रक्त पातळ असते आणि डोक्यात रक्तस्राव होण्याची भीती असते, म्हणून अशा वेळी सिझेरियन करतात. त्यामुळे बाळंतपण हृदयरोग विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयातच ठरवावे. अचानक दम लागला, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा झडपेचा नेहमीचा टिकटिक आवाज मंदावला, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करावा.

बाळंतपणानंतर वॉरफेरीन पुन्हा सुरू झाली तरी आईने बाळाला अंगावर पाजण्यास हरकत नसते.