उसवलेला स्वेटर आणि भुऱ्याचे केस

(अंगण. अजून नीट उजाडलेलं नाही. पायपुसण्यावर एक कुत्रा, त्याच्या तोंडातून वाफ.)

सकाळचे सव्वासहा, फेब्रुवारीचा पहिला आठवडा, नाशिक. पायपुसण्यावर मुटकुळं करून पडलाय तो भुऱ्या, वय साधारण अकरा, आई जर्मन शेफर्ड आणि वडील कोण ते त्याच्या आईलाच माहीत. आणि मागे जी काळी शेपटी दिसतेय ना, फक्त शेपटीच, कारण बाकीची ती कुंडीच्या मागे आहे, ती चकली. चकली शंभर टक्के गावठी, रस्त्यावरून आली, आल्या दिवसापासून घर तिचंच.

मी मुंबईहून वर्क फ्रॉम होम घेऊन महिनाभर घरी आले होते आणि ठरवलं की थंडी संपताना घरात काय काय होतं ते शूट करू, रोज थोडं थोडं. आईला सांगितलं तर म्हणाली, अगं त्यात काय बघायचंय, थंडी संपते म्हणजे स्वेटर धुवायचे आणि माळ्यावर टाकायचे. पण तसं काही झालं नाही.

(भुऱ्याला कंगवा करताना आईचे हात. केसांचे पुंजके वाऱ्यावर.)

थंडी चाललीये हे घरात पहिल्यांदा कळतं ते भुऱ्याला. आम्ही सगळे अजून कानटोपीत, पहाटे गिझरशिवाय हात धुववत नाहीत, आणि ह्याचे केस गळायला सुरुवात. ते नुसत्या तापमानाने होत नाही, दिवस केवढा मोठा झाला ह्यावर शरीर हिशोब करतं. नाशिकला डिसेंबरच्या शेवटी दिवस सुमारे 11 तासांचा असतो, 21 मार्चच्या आसपास 12 तासांचा. आपल्याला हा तासाभराचा फरक जाणवतसुद्धा नाही, भुऱ्याच्या कातडीला मात्र बरोबर कळतो, वरच्या राठ केसांच्या खाली थंडीसाठी आलेली जी मऊ लोकरीसारखी लव असते ती सुटायला लागते. सोफ्यावर, चपातीच्या डब्यावर, बाबांच्या काळ्या पँटवर तर विचारूच नका. चकलीचं तसं नाही, तिचा कोट आखूड, दोनदा अंग झटकलं की झालं.

आई हे केस टाकत नाही, एका पिशवीत भरून ठेवते. का, तर "लागतील कशाला तरी." आमच्या घरात ह्या वाक्यावर अर्धा माळा भरलाय.

मी तिला सहज सांगितलं की अमेरिका-कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर कोस्ट सॅलिश लोक खास लोकरीसाठी कुत्री पाळायचे, मेंढ्यांसारखी त्यांची लोकर कातरायचे आणि त्याच्या घोंगड्या विणायचे. ती जात एकोणिसाव्या शतकात संपली. त्यातल्या एका कुत्र्याचं कातडं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, तो 1859 मध्ये मेला, 2023 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्या कुत्र्याचं नाव होतं मटण. खरंच, मटण. आई इतकी हसली की विणकामातला टाका सुटला. मग पिशवीतला एक पुंजका घेऊन तिने बोटांवर पीळ देऊन पाहिला, दोन इंच धागा झाला आणि तुटला. आमचं मटण काही कामाचं नाही, म्हणाली.

(बाबांचा जुना कथ्थई स्वेटर. आई कडेचा धागा शोधतेय.)

आता मेन गोष्ट. हा बाबांचा स्वेटर, लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत आईने विणलेला, गेली पंधरा वर्षं कुणी घातलेला नाही कारण स्वेटर तेवढाच राहिला आणि बाबा राहिले नाहीत. म्हणजे तेवढे राहिले नाहीत, आहेत हो, हे बघा पेपर वाचतायत. तर आईने ठरवलं हा उसवायचा आणि दादाच्या मुलाला, माझ्या सात वर्षांच्या भाच्याला, नवा करायचा. बाबांनी पेपरच्या मागून विचारलं, मला विचारलंत का? आई म्हणाली, अहो, घालून दाखवा, नाही उसवत. विषय संपला.

आधी लोकर खरी आहे का ते बघितलं, कारण हल्ली दुकानात लोकर म्हणून मिळते ती बरीचशी अ‍ॅक्रिलिक. एक तुकडा काडीने पेटवायचा. खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि राख चुरगळते, अ‍ॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो. ही खरी निघाली.

मग शिवण सोडवायची, खांदे वेगळे, बाह्या वेगळ्या, आणि वरच्या टोकाकडून उसवत यायचं. खालून उसवायला गेलात तर प्रत्येक टाक्याला अडकतं, मी तेच केलं आणि ओरडा खाल्ला. उसवलेला धागा मॅगीसारखा निघतो, सगळा वाकडातिकडा, तसाच विणला तर टाके सारखे येत नाहीत. म्हणून खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड्या केल्या, चार ठिकाणी सैल बांधल्या, कोमट पाण्यात भिजवल्या, आणि दोरीवर वाळत घालून खाली वजन म्हणून उटण्याचे रिकामे डबे वाळू भरून अडकवले. ओल्या लोकरीला ओल्या कुत्र्यासारखाच वास येतो, भुऱ्या त्या लड्यांखाली दिवसभर बसून होता, कुणी नातेवाईक आलाय की काय असं बघत.

सुया दोन जोड, बॉर्डरला 10 नंबर आणि अंगाला 8 नंबर. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, 8 म्हणजे 4 मिलिमीटर, 10 म्हणजे सव्वातीन. हे जुन्या इंग्रजी मापाचं गणित आपण अजून चालवतोय. बॉर्डर एक सुलट एक उलट, बारीक सुईवर, म्हणजे ती अंगाला धरून राहते.

(बाग. सुकलेली शेवंती, मेथीला फुलं.)

बागेत ह्या दिवसांत दाखवण्यासारखं काहीच नसतं, खरं सांगायचं तर भकास. मेथी फुलावर गेलीये, कोथिंबिरीला धने धरलेत, शेवंती काळी पडलीये. पण आईचं सगळ्यात जास्त काम आत्ताच. शेवंती जमिनीपासून चार बोटं ठेवून छाटली, कारण बुडातून ज्या काश्या फुटतात त्या सांभाळल्या की पावसाळ्यात त्याच लावायच्या आणि दसऱ्या-दिवाळीला फुलं. मोगऱ्याचं उलटं, त्याला आधी उपाशी ठेवायचं. आठ-दहा दिवस पाणी जवळजवळ बंद, पानं ओरबाडून काढायची, फांद्या अर्ध्या छाटायच्या, मग माती उकरून शेणखत आणि भरपूर पाणी. मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटीवर, जुनी फांदी कुरवाळत बसलात तर नुसती पानंच मिळतील.

उकरलेली मऊ माती आणि कुत्रा. पुढे काय झालं ते सांगायला नको. चकलीने दोन कुंड्या रिकाम्या केल्या आणि तिसरीत स्वतः बसली. आईने मग छाटलेल्या बोगनवेलीच्या काटेरी फांद्या मातीवर आडव्या टाकल्या, चकली आता दुरून बघते.

केसांची पिशवी मी झाडाला टांगणार होते, बुलबुल घरट्याला नेतील म्हणून, मस्त शॉट मिळाला असता. पण भुऱ्याला जानेवारीत गोचिडांचं औषध मानेवर लावलं होतं. इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठाच्या लोकांनी टिट पक्ष्यांची घरटी तपासली, 2025 मध्ये ते छापून आलं, घरट्यात अस्तर म्हणून आणलेल्या केसांत ह्याच प्रकारच्या औषधांचे अंश सापडले, आणि जिथे जास्त होते तिथे मेलेली पिल्लं आणि न उबलेली अंडी जास्त. शॉट कॅन्सल. पिशवी पुन्हा माळ्यावर.

(दुपार. पंखा फिरतोय. आई विणतेय, अंगात सुती साडी.)

महाशिवरात्र झाली. थंडी शिव शिव करत गेली म्हणतात, नाशिकला ती इतक्या सरळ जात नाही, पहाटे चादर लागते आणि दुपारी पंखा. गाड्यांवर द्राक्षांचे ढीग आणि शरणपूर रोडवरच्या तिबेटी मार्केटमध्ये स्वेटरची गर्दी कधीच ओसरलेली. कुत्र्यांची झोपायची जागा बदलली हे मला एडिट करताना कळलं. पहिल्या आठवड्याच्या क्लिप्समध्ये दोघं उन्हाच्या पट्ट्याबरोबर सरकत अंगणभर फिरतात, शेवटच्या आठवड्यात भुऱ्या बाथरूमच्या दारात फरशीला पोट लावून. बाबा म्हणाले त्याचे केस बारीक कापून टाकू, गारवा वाटेल. आई नको म्हणाली, आणि बरोबर होतं ते, वरचा कोट ऊनही अडवतो, सुटलेली लव तेवढी विंचरून काढायची आणि भिजवलेलं गोणपाट टाकून द्यायचं.

आणि आई 35 अंशात मांडीवर लोकर घेऊन बसलेली. पुढची-मागची बाजू झाली, एक बाही झाली. मी म्हटलं, आई, आता कशाला घाई, पुढच्या थंडीला लागणार. ती म्हणाली, तेच तर. भाच्याला व्हिडिओ कॉलवर भिंतीला टेकवून उभं केलं, वहिनीने टेपने छाती मोजली, आणि आई बोटांवर काहीतरी मोजत राहिली, डिसेंबरपर्यंत केवढा होईल, त्याचा बाप ह्या वयात कसा सुटला होता. शेवटी बाही दीड इंच लांब धरली. नाहीच पुरली तर बॉर्डर उसवून वाढवता येते.

(होळीची रात्र. लांबून ढोल. घरात दिवा.)

होळीला दुसरी बाही कोपरापर्यंत आली होती. बाबा पोळीवर तूप मागत होते, चकली ढोलाच्या आवाजाला घाबरून पलंगाखाली, आणि आईचा लोकरीचा शेवटचा गुंडा सापडत नव्हता. अर्धा तास शोधला. चकलीला बाहेर काढायला पलंगाखाली टॉर्च मारला तर ती त्याच्यावर डोकं ठेवून झोपली होती. आई म्हणाली, राहू दे तिला, उद्या घेऊ.