गाडी लावली तिथंच पहिली खूण

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा सरत आला की आपल्याकडची मंडळी डोंगराकडं निघतात. कुणी कन्नडच्या गौताळ्यात जातं, कुणी अंतूर, वेताळवाडी, सुतोंड्याच्या किल्ल्यांवर, कुणी सौताड्याचा धबधबा बघायला, तर कुणी माहूर-किनवटच्या जंगलात. यांतल्या बऱ्याच जणांच्या हातात आता जीपीएसचं मुठीएवढं यंत्र दिसतं, नाहीतर मोबाइल तरी असतोच. आज त्या यंत्राबद्दल बोलायचं आहे. त्यातलं एक सगळ्यांत आधी सांगतो, कारण बाकीचं विसरलात तरी एवढं ध्यानात राहावं: हे यंत्र जाण्यापेक्षा परत येण्यासाठी जास्त कामाचं आहे.

सकाळी जाताना फारशी अडचण येत नाही. उजेड असतो, अंगात दम असतो, तांड्यावरचा कुणीतरी दोन पावलं सोबत येऊन वाट दाखवतो. घोळ होतो तो परतताना. मराठवाड्यात माणूस उंच शिखरावर चुकत नाही, सपाटीवर चुकतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा आकारच बघा. कन्नड, सिल्लोडकडून जाताना चढ असा जाणवत नाही. वावरं लागतात, बांध लागतात, मग माळ लागतो, आणि चालता चालता उत्तरेला एकाएकी कडा तुटतो. खाली सगळा खानदेश पसरलेला. त्या माळावर दुपारी चारनंतर सगळीकडं सारखंच दिसतं. तेच कुसळी गवत, त्याच बोरी-बाभळी, आणि गुरांनी पाडलेल्या पंचवीस ढोरवाटा. त्यांतली आपली कुठली, हे नुसतं आठवून सांगता येत नाही.

म्हणून गाडी लावली की आधी यंत्र सुरू करायचं. उघड्यावर, शांत एका जागी उभं राहायचं. यंत्र कपाटात बरेच महिने पडून असेल, किंवा शेवटचं वापरलं त्या जागेपासून आपण फार लांब आलो असू, तर त्याला उपग्रह धरायला काही मिनिटं लागतात. ती त्याला द्यावीत. चालत्या गाडीत, मांडीवर ठेवून ते लवकर जमत नाही. जागा पक्की झाली की ती खूण साठवायची. यंत्राच्या भाषेत तिला वेपॉइंट म्हणतात. आणि तिला लगेच नाव द्यायचं. यंत्र स्वतःहून ०१७, ०१८ असे आकडे टाकतं, आणि संध्याकाळी त्या आकड्यांतला गाडीचा कुठला, पाण्याचा कुठला, हे कळत नाही. ‘गाडी’ म्हणा, ‘विहीर’ म्हणा, ‘खिंड’ म्हणा. दोन फाटे फुटतात तिथं थांबून एक खूण. ओढा ओलांडला, एक खूण. याशिवाय चाललेल्या वाटेची रेघ, म्हणजे ट्रॅक, चालू ठेवायचा. परतताना त्याच रेघेवरून यंत्र आपल्याला मागं नेतं.

आता हे यंत्र जागा ओळखतं कसं? साधारण वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं, आणि तो सतत सांगत असतो की मी अमुक ठिकाणी आहे आणि आता अमुक वेळ झाली आहे. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळानं आला त्यावरून आपण पाऊस किती लांब आहे त्याचा अंदाज बांधतो ना, तसंच हे यंत्र संदेश यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतं. फरक एवढाच की इथं संदेश प्रकाशाच्या वेगानं येतो, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं चुकलं तरी तीनशे मीटरचा फरक पडतो. आपल्या हातातल्या यंत्राचं घड्याळ साधंच असतं, म्हणून तीन उपग्रहांवर भागत नाही. चौथा लागतो, तो ही वेळेची चूक काढायला.

ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याची व्यवस्था. पहिला उपग्रह १९७८ साली गेला आणि १९९५ मध्ये सगळी यंत्रणा पूर्ण झाली. पण सामान्य माणसाच्या संदेशात तेव्हा मुद्दाम चूक मिसळलेली असायची, जागा शंभर मीटरपर्यंत इकडंतिकडं दाखवली जायची. मे २००० मध्ये ती मिसळ बंद केली, आणि तेव्हापासून हे यंत्र पायी चालणाऱ्याच्या खऱ्या उपयोगाचं झालं. आता रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि आपल्या इस्रोचे नाविक असे इतरही उपग्रह आहेत. नव्या यंत्रांतली बरीचशी एकाहून जास्त व्यवस्थांचे संदेश घेतात. घेताना ते विचारून घ्यावं.

उघड्या आभाळाखाली चांगलं यंत्र तीन ते पाच मीटरच्या आत जागा सांगतं. पण अजिंठ्याच्या लेण्यांपुढं वाघूर नदीची नालाकृती दरी आहे, तशा जागी उभं राहून बघा. आभाळाचा छोटा तुकडाच दिसतो, आणि संदेश कातळावर आपटून, उलटून यंत्रापर्यंत येतात. वाट लांबली की वेळ वाढते, आणि यंत्र चुकीचं अंतर धरतं. आपण जागच्या जागी उभे असतो आणि पडद्यावरची रेघ मात्र या काठावरून त्या काठावर उड्या मारते. यंत्र बिघडलेलं नसतं. अशा वेळी पडद्यावर अचूकतेचा आकडा दाखवतात तो बघायचा. पाचाचा तीस मीटर झाला असेल तर थोडं उघड्यावर येऊन मगच त्यावर भरवसा टाकायचा. यंत्र खिशात, अंगाआड ठेवू नका. पिशवीच्या खांद्यावरच्या पट्ट्याला, वर आभाळ दिसेल असं अडकवा.

दुसरी मोठी फसगत बाणाची. समजा, अंतूर किल्ल्याची खूण यंत्रात आहे. पठारावर पडदा सांगतो, किल्ला नऊशे मीटर, आणि बाण सरळ समोर. यंत्र खोटं बोलत नाही. ते पक्षी उडेल ते अंतर सांगतं. मधे दरी आहे, कातळ तुटलेला आहे, हे त्या बाणाला ठाऊक नसतं. बाणाच्या नादानं निघालेली पोरं कड्याच्या धारेपर्यंत गेलेली मी पाहिली आहेत, आणि मागून गुराख्यानं हाक मारली म्हणून थांबलेलीही. बाणाकडं बघा, पण सोबत नकाशातल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बघा. रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथं कडा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशात या रेषा वीस-वीस मीटरवर असतात. वाट दाखवायचं काम याच डोंगरात फार जुनं आहे, बरं का. अंतूरच्या वाटेवर निजामशाहीच्या काळातला दगडी खांब उभा आहे, कुठली वाट कुठल्या गावाला जाते ते त्यावर फारसीत कोरलेलं आहे. किल्ल्याला गेलात तर तो चुकवू नका.

बाणाचंच अजून एक. साध्या यंत्राला आपण कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत हे कळत नाही. आपण चालायला लागलो की मगच त्याला दिशा कळते. बरेच जण एका जागी उभं राहून यंत्र हातात गोल फिरवतात आणि बाण भरकटला म्हणतात. वीस-पंचवीस पावलं चाला, मग बघा. ज्या यंत्रात होकायंत्र असतं ते उभ्या जागीही दिशा सांगतं, पण सेल बदलले की ते पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, आणि गाडीच्या पत्र्याजवळ ते जुळवू नये.

अक्षांश-रेखांश एकमेकांना सांगतानाचा गोंधळ तर मला फार काळजीचा वाटतो, कारण मदत मागायच्या वेळी तो जिवाशी येऊ शकतो. देवगिरीचा किल्ला घ्या. मोबाइलवर त्याचा अक्षांश १९.९४ च्या आसपास दिसतो. हातातली बरीच यंत्रं तोच आकडा १९ अंश ५६.५ मिनिटं असा दाखवतात. दोन्ही बरोबर आहेत, कारण एका अंशाची साठ मिनिटं असतात. आता कुणी घाईत फोनवर सांगितलं, एकोणीस, छप्पन्न, पाच. आणि ऐकणाऱ्यानं मोबाइलमध्ये १९.५६५ टाकलं. जागा थेट चाळीस किलोमीटरहून जास्त दक्षिणेला, पैठणच्या अंगाला सरकली! शोधायला निघालेली माणसं कुठं जातील, सांगा. म्हणून सगळ्यांनी निघण्याआधीच एक पद्धत ठरवावी, आणि सांगताना ‘अंश’, ‘मिनिटं’, ‘दशांश’ हे शब्द मोठ्यानं उच्चारावेत. सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे वापरणाऱ्यांनी यंत्रातली ‘डेटम’ची, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कुठल्या मोजमापावरून काढायचे त्याची, नोंदही तपासावी. जुने नकाशे ‘एव्हरेस्ट’ नावाच्या मोजमापावर बेतलेले आहेत, यंत्र ‘डब्ल्यूजीएस ८४’ नावाच्या मोजमापावर चालतं, आणि आपल्या भागात त्या दोहोंत शंभर मीटरहून अधिक फरक पडतो.

मोबाइल असताना वेगळं यंत्र कशाला, असा प्रश्न येतो. त्यात एक समज खोडून काढायला हवा: रेंज गेली म्हणजे जीपीएस गेलं, असं नाही. उपग्रहाच्या संदेशाला टॉवर लागत नाही. रेंज गेली की जातो तो नकाशा. तो घरूनच उतरवून घेतला तर गौताळ्याच्या आत रेंज नसतानाही मोबाइल जागा दाखवतो. वर्षातून एखाद-दोन वेळा जाणाऱ्यानं माझ्या मते वेगळं यंत्र घेऊच नये. उतरवलेला नकाशा आणि भरलेली पॉवर बँक पुरे. पण पक्ष्यांची नोंद ठेवणारे, किल्ल्यांचं मोजमाप करणारे, जंगलात पाऊसपाण्यात कायम फिरणारे, यांना हातातलं यंत्रच हवं. ओल्या हातांनी त्याची बटणं दाबता येतात, भर उन्हात पडदा वाचता येतो, आणि पेन्सिल सेल तर फर्दापूरच्या किराणा दुकानातही मिळतात. चार्जिंगचे सेल टाकत असाल तर यंत्रात तशी नोंद करा, नाहीतर ते बॅटरीचा अंदाज चुकीचा दाखवतं. आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात यंत्र गाडीच्या काचेपाशी सोडू नका.

उंची सांगताना हे यंत्र जागेपेक्षा जास्त चुकतं. काही यंत्रांत त्यासाठी हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक असतो, पण हवा बदलली की तोही बदलतो. दाब एका मिलिबारनं उतरला तर उभ्या जागी आठ-नऊ मीटर उंची वाढलेली दिसते. तो जुळवायला रेल्वे स्टेशनची पिवळी पाटी उत्तम. समुद्रसपाटीपासूनची उंची तिच्यावर लिहिलेली असते.

शेतकरी बांधवांसाठी दोन शब्द. या यंत्रानं वावराचं क्षेत्र मोजून बांधाचा वाद सोडवायला जाऊ नका. एक गुंठा म्हणजे साधारण दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. यंत्र तीन ते पाच मीटर चुकणार, म्हणजे गुंठ्याच्या निम्म्या बाजूपर्यंत! हद्द ठरवायची तर भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज करावा. त्यांच्याकडची यंत्रं जमिनीवरच्या स्थिर केंद्रांकडून दुरुस्ती घेतात आणि सेंटिमीटरमध्ये बोलतात. भाऊ-भाऊ कोर्टात उभे राहतात ते अशाच दोन-चार हातांवरून. त्यात खिशातल्या यंत्राचा आकडा पुरावा म्हणून आणू नये. विहीर, बोअर, पाइपलाइनचा व्हॉल्व्ह कुठं आहे याची ढोबळ खूण ठेवायला मात्र ते जरूर वापरा.

आणि फिरणाऱ्यांनो, दुसऱ्यानं उन्हाळ्यात नोंदवलेली रेघ घेऊन दिवाळीत निघाला असाल तर ती कुणाच्या तरी उभ्या तुरीतून जाईल. मे महिन्यात तिथं मोकळं वावर होतं. रेघ सोडा, बांधानं नाहीतर पांदीनं वळसा घाला. यंत्र पाच-दहा मीटर बाजूला दाखवेल, दाखवू द्या.

अजून एक समज आहे. जीपीएस सोबत आहे म्हणजे आपण कुठं आहोत हे कुणाला तरी कळतंय, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. हे यंत्र फक्त ऐकतं, बोलत नाही. तुमची जागा ते कुणालाही कळवत नाही. उपग्रहावरून निरोप पाठवणारी यंत्रं परदेशात सर्रास मिळतात, पण आपल्या देशात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय ती जवळ बाळगता येत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकानं भेट दिलं म्हणून बॅगेत टाकून निघू नका. त्यापेक्षा घरी आणि पायथ्याच्या गावात सांगून जा: कोण, किती जण, कुठल्या वाटेनं, किती वाजेपर्यंत परत. अभयारण्य असेल तर वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा. अडचण आलीच तर जिथं रेंज आहे तिथून ११२ लावा आणि आधी अक्षांश-रेखांश सांगा, मग बाकीचं.

यंत्र नवीन असेल तर त्याला घेऊन लगेच डोंगरात जाऊ नका. येत्या रविवारी आपल्याच शिवारात या. घराच्या अंगणात एक खूण ठेवा, चालत मारुतीच्या पारापर्यंत जा, तिथं दुसरी ठेवा, आणि पडद्याकडं बघत रेघेवरून परत या. मग त्याच पारावर, त्याच दगडावर, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहा आणि आकडे ताडून बघा. शेवटचे आकडे जुळणार नाहीत, काही मीटरचा फरक राहील. आपलं यंत्र किती मीटरचं आहे, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

नमस्कार.