चहाला बोलावणं

नमस्कार श्रोतेहो. आज गप्पा आहेत इंग्रजांच्या दुपारच्या चहाच्या, आणि सुरुवात थेट मुंबईपासून करावी लागेल.

१६६२ साली पोर्तुगालच्या राजकन्येचं, कॅथरीनचं, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न झालं आणि आंदणात मुंबई गेली, हे आपण शाळेत घोकलंय. पण या बाईंना माहेरूनच चहाची सवय होती, ते काही पुस्तकात नव्हतं! लंडनच्या कॉफीगृहांत चहा आधीपासून मिळत होता. दरबारातल्या बायकांना त्याची गोडी लावली ती या राणीने. राजेसाहेबांना मुंबईचं मात्र फारसं कौतुक नव्हतं. १६६८ मध्ये त्यांनी ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

चहा तेव्हा इतका महाग, की पत्तीच्या डबीला कुलूप असायचं आणि किल्ली मालकीणबाईंकडे. १७८४ साली चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आला, तेव्हा चोरटा व्यापार बसला आणि चहा खऱ्या अर्थाने स्वस्त झाला.

चारच्या चहाचा थाट मात्र त्याहून बराच नंतरचा, १८४०च्या सुमाराचा. बड्या घरांतलं रात्रीचं जेवण सरकत सरकत आठवर गेलं होतं, आणि दुपारचं जेमतेम चार घास. बेडफर्डच्या डचेस ॲना, व्हिक्टोरिया राणीच्या मर्जीतल्या, यांच्या पोटात चार वाजता कावळे ओरडायला लागायचे. मग त्या आपल्या खोलीतच चहा, लोणी-पाव आणि केक मागवू लागल्या, असं सांगतात. एकट्याच खात बसल्या असत्या, तर ती नुसती भूक ठरली असती. त्यांनी मैत्रिणींना बोलावलं आणि त्याचा समारंभ झाला. पुढे खास चहाचे झगे आले, काकडीचे सँडविच आले. पावाच्या कडा कापायच्या, काकडीच्या पातळ चकत्यांना मीठ लावून पाणी निथळू द्यायचं. एवढा खटाटोप दोन घासांचा! पोट भरतंय असं दिसता कामा नये ना.

गिरणीतून दमून आलेल्या कामगाराला हे नखरे कुठले? त्याचा संध्याकाळचा चहा म्हणजे थंड मांस, पाव आणि कडक चहा; तेच रात्रीचं जेवण.

आपल्याकडे चहाच्या निमंत्रणाला खरा मान आहे तो राजकारणात. विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री विरोधकांना चहाला बोलावतात. मुंबईत सह्याद्री अतिथीगृहावर, नागपुरात रामगिरीवर. आणि विरोधक बहुतेक वेळा पत्रकार परिषद घेऊन बहिष्कार जाहीर करतात. सत्ता बदलली की बाकं बदलतात, बहिष्कार तसाच. ॲनाबाईंकडे कोण आलं याची चर्चा होत असेल. आपल्याकडे कोण आलं नाही याची बातमी होते. तिथल्या खानसाम्याला मला एकदा विचारायचंय, विरोधकांचे कप मांडता तरी का हो?